यादीतलं एकेचाळिसावं झाड

खोडाला हिरवा पट्टा मीच मारला.
मे महिना, सीडर स्ट्रीट, घर नंबर तीनशे बारा.
आधी साल उचकटून पाहिली होती:
आत किड्याने कोरलेली नागमोडी अक्षरं,
वाचता येत नाहीत, पण निरोप कळतो.
मिनेसोटाभर हेच चाललंय, अॅशचं एकेक झाड.

आर्डिस टोलेफसन गुडघ्यांखाली
चर्चच्या बाकावरची जुनी उशी घेऊन बसली होती.
वर न बघताच म्हणाली, "कधी?"
"जुलैत."
"जुलैत," ती म्हणाली,
मला नाही, समोरच्या मातीला.

तेव्हा मी खाली पाहिलं.
वीस वर्षं मी वरच बघत आलोय,
फांदी कुठे पडेल, तार कुठून जाते.
खाली होस्टा होत्या. एकशे चाळीस, तिने मोजून सांगितल्या.
जांभळट कोंब, पानं अजून स्वतःभोवती गुंडाळलेली,
कुणीतरी मातीत चिरूट खोचून विसरून गेल्यासारखे.

जूनमध्ये पुन्हा गेलो. काम नव्हतं.
ताटाएवढी पानं झाली होती. एक तर निळी,
पहाटे भांड्यावर धरलेल्या वाफेसारखी.
"ते निळेपण मेणाचं आहे, हात लावू नका," ती म्हणाली,
तोवर मी लावला होता.
अंगठ्याएवढा हिरवा डाग पडला, आणि राहिला.
ती काही बोलली नाही.
ट्यूनाच्या डब्यात बिअर ओतत राहिली,
रात्री गोगलगायी येतात, पितात, बुडतात.
"मिलो म्हणायचा, वाईट मरण नाही."

सकाळचं ऊन चालतं.
दुपारी दोनचं नाही, त्याने कडा कागदासारख्या जळतात.
आणि जुलैत खणायचं नसतं,
मुळं तहानेने मरतात.
हे सगळं तिने मागितल्यासारखं नाही सांगितलं.
नुसतं सांगितलं.

ऑफिसात येऊन मी एकेचाळीस नंबर
यादीच्या तळाशी नेला.
लॉनीने विचारलं तेव्हा म्हटलं, घुबडाचं घरटं आहे.
लॉनीला घुबडं आवडतात.

सप्टेंबरात तिने पाव कापायच्या सुरीने
एकेका गड्ड्याचे चार केले.
कचकच आवाज, काकडी चिरावी तसा.
पलीकडची पा न्हिया ढकलगाडी घेऊन आली,
बारा रोपं घराच्या उत्तरेला लावली, गवती चहाच्या कुंड्यांमागे.
चौदा चर्चच्या भिंतीशी गेली.
काही कुणी नेली, तिने लिहून ठेवलं नाही.

तीन ऑक्टोबरला झाड पाडलं.
दोन तास दहा मिनिटं.
मग तिथे एवढं आभाळ आलं
की आम्ही सगळेच जरा बावरलो,
दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखे.

निघताना तिने आइस्क्रीमची बादली हातात दिली.
आत ओली माती, एक गड्डा,
आणि खिडकीच्या जुन्या पडद्याची कापलेली पट्टी.
तिच्यावर मिलोची पेन्सिल
(शाई दोन उन्हाळ्यांत उडते, पेन्सिल टिकते):
"नाव माहीत नाही. टाकू नकोस."

गॅरेजमागे लावली.
पहिल्या वर्षी तीन पानं.
दुसऱ्या वर्षी हरणांनी जमिनीलगत खाल्ली,
मी शिव्या दिल्या, जाळी लावली.
यंदा सात कोंब आहेत. कालच मोजले.

तीनशे बारासमोर नगरपालिकेने लिंडेनचं रोप लावलंय,
माझ्या मनगटाएवढं.
त्याची सावली रुमालाएवढी पडते.
आर्डिसने त्या रुमालात एकच होस्टा ठेवली आहे, ती निळी.
दोन वाजता रुमाल सरकतो.
मग ती घरातून घडीची खुर्ची आणते,
पाठ उन्हाकडे करून ठेवते,
हाताने जरा मागेपुढे करून बघते,
आणि आत निघून जाते.
खुर्चीत कुणी बसत नाही.