वीसपर्यंत

जानेवारीत, सकाळी सहाला, रबाळ्याच्या गेटजवळ
बाकावर बसलं की मांड्यांना नेमकं कळतं
लाकडी फळी कुठे संपली, लोखंडी पट्टी कुठे लागली.
मी म्हणालो, लोखंड किती गार.
हसुराम मढवी बिडी चुरडत म्हणाला,
"गार नाय रं पोरा. दोघं रातभर एकाच थंडीत व्हती.
लोखंडाला नुसती घाई हाय.
तुझी ऊब ता उचलून पळतं.
लाकूड बी नेतं, पन चिमूट चिमूट."

डिप्लोमाला हे पाच मार्कांना होतं.
मी तीन मिळवले होते.

आमचं काम वाफेच्या पाइपांना कपडे चढवायचं.
आधी काचेची लोकर, मग जाळी,
वरून ॲल्युमिनियमचा पत्रा, रिव्हेट.
लोकरीची खाज मानेवरून घरी येते,
अंघोळ झाल्यावरही उशीत असते.
हसुराम सांगायचा, अडवते ती लोकर नव्हे,
लोकरीत कोंडलेली हवा,
जिला कुठेच जायचं नाही ती.
पत्र्याच्या फटीतून पाणी शिरलं
की लोकर फितूर होते,
आतली वाफ सरळ बाहेर सांगते.

फितुरी धरायला साहेबाकडे बंदुकीसारखं यंत्र होतं.
हसुरामकडे तळहात,
मिठागरात फळी ओढून निबर झालेला
(ते मिठागर आता टाक्यांच्या खाली आहे,
तो कधी दाखवतो, कधी नाही).
हात पत्र्यावर टेकवायचा, मोजायचं.
वीसपर्यंत टिकला, तर ठीक.
तीनला सुटला, तर खडूची फुली.

यंदा फुल्या कमी होत गेल्या.
साहेब खूश.
तिसऱ्या लाइनीवर, व्हॉल्व्हच्या कोपराशी,
तो वीस म्हणाला आणि पुढे गेला.
मी उगाच मागून हात लावला.

तीन.

दुपारी पाहिलं:
चहाचा स्टीलचा पेला सगळे शर्टाच्या टोकाने धरतात,
हा उघड्या मुठीत.
मुठीत फोड, त्याच्या गावीही नसलेला.
साखर हाय, म्हणाला, सात वर्सं,
घणसोलीची डॉक्टरीण वरडते.

म्हणजे उष्णता नेहमीसारखी पोचत होती,
गरमाकडून गाराकडे, एकही नियम न मोडता.
बातमी तेवढी वाटेत बसून राहत होती.
त्याच्याच आत कुठेतरी
लॅगिंग झालं होतं,
कोरडं, पक्कं,
त्याने स्वतः केल्यासारखं.

साहेबाला मी बोललो नाही.
खरं तर बोलायला हवं होतं,
कोपर फुटला असता तर.
त्या रात्री जाऊन फुली मी मारली.

आता पाइपावर माझा हात असतो,
माझ्या हातावर त्याचा.
बघणाऱ्याला वाटावं, शिकवतोय.
मोजतो तोच, सावकाश,
आकड्यांना घाई नसल्यासारखा.
खालचा हात दचकला की थांबतो,
कानामागचा खडू काढतो,
आणि फुली मारतो,
त्याच्या जुन्या वळणाची,
एक टांग लांब.