राइस मिलच्या पटांगणात

वडशाला, बंद राइस मिलच्या पटांगणात
शाळेतून मागून आणलेले सतरा बाक.
बाकागणिक एक कंपनी.
कंपनी म्हणजे एक माणूस, एक पिशवी
आणि उरलेल्या लग्नपत्रिकांवर छापलेलं कव्हर;
उलटं केलं की अजून दिसतो गणपती.

देवाजी उंदिरवाडे लुनावर कॅसेटी वाटायचे,
कुरखेडा, कोरची, पार बेडगावच्या घाटापर्यंत.
आता पेनड्राइव्ह.
वजनच नाही, म्हणतात,
विकल्यासारखं वाटत नाही बाप्पा.

शेजारी सुरजा कोवे. गोंडी गाणी,
गोधड्या टांगून घरीच रेकॉर्ड केलेली.
तिसऱ्या गाण्यात बकरी ओरडते.
तिनं ती काढली नाही,
कव्हरवर बकरीचं नाव आहे.

दुपारी आरमोरीहून एक बाई आली.
दंडारीची जुनी कॅसेट, बी बाजू.
गाणं नको म्हणाली,
गाणं संपल्यावरचं ऐकवा.
देवाजींनी वॉकमन दिला.

खरखर.
मग कोणीतरी : "झाला का जी बंद?"

नव्या कॉपीत ते कापलं, देवाजी म्हणाले,
साफ केलं सगळं.
"मंग हेच द्या. माय होय ते माही."

एवढी एकच उरली होती.
"टेप आहे का घरी?"
"नाही ना जी."

सुरजाच्या बाकावर
बकरी पुन्हा ओरडली.