मुळांसकट

धुळ्याच्या कोर्टाबाहेर, नोटरीच्या छत्रीला खेटून माझं टेबल.
मी अपिलाचे कागद करते.
साक्ष मराठीतून इंग्रजीत, वळणदार शाई ठोकळा छापात,
पानाचे चाळीस रुपये, जास्तीच्या प्रतीचे वेगळे.
दोषी-निर्दोष माझ्या दरपत्रकात नाही.

गिलीबाई पहाटेच्या गाडीनं आली, बोराडीच्या वरच्या पाड्यावरून,
खताच्या पिशवीत भावाचा निकाल गुंडाळून.
दहा वर्षं. एक लाख दंड. न भरला तर वर आणखी एक.
"यात खजान कुठं लिवलाय?"
मी बोट ठेवलं. मग तिनं त्याच जागी स्वतःचं ठेवलं
आणि बराच वेळ उचललं नाही.

निशाणी सोळा, पंचनामा:
तुरीच्या ओळींमध्ये गांजाची झाडं, एकशे नऊ,
हिरवी, ओली, मुळांसकट उपटलेली, दोन पोत्यांत भरलेली.
वजन बावीस किलो चारशे ग्रॅम.

कायद्यात वीस किलोची एक रेघ आहे.
अलीकडे असलं तर न्यायाधीशाला हात हलवायला जागा असते.
पलीकडे दहा वर्षं, त्याखाली त्यालाही उतरता येत नाही.

आमच्याकडेही तूर असायची.
रात्री पाणी दिलेल्या रानातून काही उपटलं
की काय काय वर येतं, ठाऊक आहे मला:
चिखलाचे लाडू, हरळी, एखादं गांडूळ.
हे सगळं काट्यावर चढलं.
काटा किराणा दुकानदाराचा, दुकानदार पंच नंबर दोन.
उलटतपासणीत म्हणतो, काटा बरोबर आहे, मी त्यावर गूळ मोजतो.
माती झटकली होती का,
हे कुणी विचारलंच नाही.

ओल्याला इंग्रजीत वेट.
वजनालाही वेट.
शाळेत यावर आम्ही हसायचो, बाई स्पेलिंगं फळ्यावर लिहायच्या,
आणि थांबा म्हणजेसुद्धा वेटच की,
असं मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं.
मी तिन्ही वेगवेगळी, नीट टाइप करते.
तेवढंच हातात.

पान एकोणतीस: आरोपीस झडतीबाबतचा त्याचा हक्क
समजावून सांगितला. त्यास तो समजला.
कोणत्या भाषेत, ते पानावर नाही.
खजान पावरी बोलतो,
आणि वर्दीसमोर कशालाही मान हलवतो, गिलीबाई सांगते,
जेवला का विचारलं तरी, मारू का विचारलं तरी.

त्यानं लावली होती का? मी विचारत नाही.
तीच आपणहून बोलते. पाणी तो द्यायचा, रातीचे दोनशे.
बी आणणारा मोटारसायकलवर यायचा, गॉगल घालून.
एकशे छत्तीस पानं चाळली मी.
गॉगल कुठंच नाही.

चहावाला पेले गोळा करता करता डोकावतो,
"आखो कितला पाने शेतस व?"
पुष्कळ, मी म्हणते.

सरकारकडून मिळालेला वकील दुपारी येऊन गेला.
अपील संभाजीनगरला दाखल होईल, म्हणाला,
मग नंबर लागेल तेव्हा लागेल.
गिलीबाईनं नंबराचं काही विचारलं नाही.
ती त्या दोन पोत्यांपाशीच थांबली होती.

"भुईमूग उपटून आम्ही व्यापाऱ्याकडं नेतो ना,
तो पोत्यामागं दोन किलो माती कापतो.
कोरडा असला तरी कापतो. भांडलं तरी कापतो.
मंग इथं का नाही कापली?"

मी प्रिंटर थांबवला.
बावीस चारशेतून चार.
अठरा चारशे.

पेपरबुकात असल्या हिशेबाला रकाना नसतो.
पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर लिहिलं, निशाणी सोळापाशी खोचलं,
वकिलासाठी. वाचेल, किंवा फाइल उघडताना पडून जाईल.
गिलीबाई पैसे मोजत होती, दहा-दहाच्या नोटा, गळ्याच्या पिशवीतून,
दोनदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून,
आणि शिरपूरची साडेपाचची गाडी
फलाटावर हॉर्न देत होती.