वाण

ग्रोनिंगेन. नोव्हेंबर. बीटसाखरेच्या कारखान्याचा
गोडसर कुजका वास इथे आतपर्यंत.
विब्रिख ज्योतीवर काचनळी धरते,
मऊ झाली की झटक्यात ओढते:
केसाहून बारीक सुई.

डाव्या कुपीत गाठीच्या पेशी.
आठ वर्षं या पोटातून त्या पोटात
काळ्या उंदरांना संपवत आलेल्या.
कातडीखाली सोडल्या तर महिन्यात सुपारीएवढ्या,
कापून पाहावं तर आत थोडे केस, थोडी कूर्चा,
एखादा दातसुद्धा,
आणि कुणाचाच कुणाशी संबंध नाही.

उजवीकडे पांढऱ्या उंदरीचा साडेतीन दिवसांचा गर्भ.
पाण्याचा बुडबुडा, एका कडेला
अजून काहीच न ठरलेल्यांचा घोळका.
त्यात ती पाच पेशी सोडते
आणि सुई मागे घेते,
झोपलेल्या पोराच्या मानेखालून हात काढावा तशी.

उसनी आई. तीन आठवडे.
मग पिल्लांना लव फुटली, पांढरी,
आणि एकाच्या पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत,
काळा पट्टा.

डॉक्टर तेर्प्स्ट्रांची कॉफी गार झाली.
‘आजूबाजूच्यांनी सांगितलं, कातडी हो,’ ते म्हणाले,
‘झाली.’

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला.
ही म्हण आपण नेहमी
बिघडलेल्यांसाठीच वापरत आलो.

‘आणि आठवडाभर उशीर झाला असता तर?’
‘मग गाठच.’

कालव्याच्या कडेने सायकल ढकलताना
तिला डाउवे आठवला, धाकटा.
दोन शेतघरं, एक पाद्री, हार्लिंगेनचा काका.
घरं चांगली होती. माणसंही.
दर वेळी तो परत आला,
दर वेळी कुणाचे तरी चमचे कमी झालेले.
किती वर्षांचा होता तो पहिल्या घरी जाताना?
नऊ? की अकरा?
छे. उंदीर तो उंदीर.

सकाळी तिने पट्टेवाल्याला शेपटीने उचललं.
तो चावला. कुठलाही उंदीर चावतो तसा.

त्याच्या काळजात, यकृतात
त्या कुपीतलं किती काय मुरलंय
ते मोजायचं तर त्याला उघडावं लागेल.
सोमवारी.
तिने बोटावर पट्टी गुंडाळली,
पिंजऱ्याच्या कार्डावर क्रमांक घातला,
वाणाच्या रकान्यापाशी थोडी थांबली
आणि लिहिलं: मिश्र.