नर पालक

वर्धा रोडच्या आत, प्रक्षेत्राच्या टोकाला आमची खोली.
कूलर हवेपेक्षा आवाजच जास्त फेकतो.
मी जुन्या वह्या सॉफ्टवेअरमध्ये भरते,
पानामागे अडीच रुपये.

वह्यांना वास सरकीचा आणि घासलेटचा.
एका पानावर लाल मुंगी चपटी होऊन बसली आहे,
शहाऐंशी सालची.
तिच्यासाठी रकाना नाही.

बोंडाचं वजन तीन पूर्णांक आठ. घेतलं.
धाग्याची लांबी. घेतली.
तुडतुडे: एक ते चार यांतून निवडा.
वहीत लिहिलंय, ‘बरेच, पण झाड हिमतीचं.’
मी दोन निवडते. मग तीन.
मग परत दोन.

मादी पालक आहे.
नर पालकापुढे फक्त ‘निळा दोरा’.
चौकट लाल होते.
बापाचं नाव नसलं की पुढचं पान उघडत नाही;
निशिगंधाच्या शाळेच्या खिडकीतही
हेच झालं होतं.

चोपकर साहेब चष्मा पुसत म्हणाले, अज्ञात टाका, चालतं.

मी हजेरीपट काढला.
त्या आठवड्यात सहा बायका: पाच अंगठे, एक सही.
सहीवाली बुटीबोरीला सापडली, नातवाच्या फोनवर.

‘निळा दोरा माह्याच होता पोरी,
लाल शेवंताचा.
दुपारी कळी सोलाची, नळी चढवाची,
सकाळी दव सुकाच्या आत फूल लावाचं.
नवव्या तासातलं. विहिरीकडून मोजजो.’

मग जरा थांबली.
‘लागलं होतं का वं बोंड?
आमाले पैसे कळीमागे होते,
तोडाले दुसऱ्या बाया लावल्या.’

लागलं होतं, मी म्हटलं.
तीन पूर्णांक आठ.
पलीकडे तिनं कोणाला तरी सांगितलं,
आकडा दोनदा.

शेरा लिहायला चाळीस अक्षरं.
काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार
सगळं वेगवेगळं मोजतं हे यंत्र,
मधली जागासुद्धा.
‘यांनी’ काढलं, ‘फोनवर’ काढलं:

नर: तास ९. सांगितलं पंचफुला नेवारे

सहा उरली.
मागे जाऊन तिच्या नावाला ‘बाई’ जोडलं,
तीन रिकामी ठेवली
आणि सेव्ह केलं.