डेक नंबर अकरा

बस इथं, राजमणी, टाकीच्या सावलीत.
खाली पद्मजा विचारत होती, अम्मा, मावशीला फोटो दाखवलेस का.
फोटोत काही नाही गं.
फोटोत मी गॉगल लावून उभी आहे,
दुसऱ्याच्याच लग्नात आल्यासारखी.

जहाज म्हणजे पाण्यावर सोडलेली गिरणी समज.
चिमणी आहे, धूर आहे, भोंगाही आहे.
फक्त भोंगा झाला की कुणी पळत नाही.
लोक ग्लास वर करतात.

अकराव्या मजल्यावर हौद. निळा.
पहिल्या दिवशी काठावर बसून मी पोराला विचारलं,
कितव्या दिवशी येतं?
तो हसला. म्हणाला, आंटी, पाणी रोज असतं.
आपल्याकडं पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला,
आणि तिथं समुद्राच्या डोक्यावर
हौदभर गोडं पाणी, माणसांनी नुसतं तरंगायला.
राग आला मला, खोटं कशाला बोलू.
मग राग चपलेजवळ ठेवला
आणि पाय आत घातले.

खाणं चोवीस तास. रात्री साडेबाराला पिझ्झा.
मी शेंगाचटणी नेली होती, पावावर भुरभुरून खाल्ली.
शेजारच्या टेबलावरचे रिटायर्ड इंजिनिअर, नागपूरचे,
बघू बघू म्हणत डबीच घेऊन गेले.
चौथ्या दिवशी जहाज लागलं तरी
डबी आली नाही.

खोलीत रोज संध्याकाळी पलंगावर टॉवेलचा हत्ती.
एकदा माकड, हँगरला लटकलेलं.
मी हत्तीचा कान उलटा केला, आपली सवय,
टाका किती बारीक, कोपरा कसा दुमडलाय.
आपला माल नव्हता.
कोपऱ्याला दोरा तसाच सोडलेला, बोटभर.
दातानं तोडला
आणि कान होता तसा ठेवला.
रात्रभर पलंगाच्या कडेला झोपले,
मध्ये हत्ती.

पद्मजानं पैसे भरले होते म्हणून मालिश.
मुलगी मणिपूरची, नाव लिंथोई.
अंधारी खोली, आणि टेपवर पाण्याचा आवाज.
ऐक, टेपवर पाणी.
खांदे दाबले, पाठ दाबली, काही बोलली नाही.
उजव्या अंगठ्यापाशी थांबली.
हिंदीत विचारलं, इथं काय आहे?
मी म्हटलं, कात्री.
तिला कळलं नाही.
मला तरी कुठं कळलं होतं?
बावीस वर्षं धागे कापले,
शेवटच्या दिवशी सुपरवायझरसमोर मोजून
कात्री टेबलावर ठेवली, सही केली.
लिंथोई अंगठा धरून बसली.
घंटी वाजली, वेळ संपली, तरी बसली.

आणि झोप.
पहिल्या रात्री लोक काउंटरवर भांडत होते,
खालून इंजिनाची घरघर येते, खोली बदलून द्या.
मी भिंतीला कान लावला.
साखर पेठेत बाळंतिणीच्या खोलीमागं
यल्लप्पाचे आठ माग होते, आठवतंय?
त्या आवाजात पद्मजा झोपायची,
लाइट गेली, माग थांबले, की किंचाळून उठायची.
मी उशी भिंतीकडं सरकवली.
सकाळी जावयानं दार वाजवलं, मग जोरात वाजवलं,
मग मॅनेजरला बोलावलं.
मी उठले तेव्हा दुपार होती
आणि खिडकीत कुठलंही गाव नव्हतं.

वर आरामखुर्च्यांच्या रांगाच रांगा.
पडायचं कळतं गं,
हातांचं काय करायचं ते कळत नाही.
एक बाई पुस्तक वाचत होती. एक नुसतीच होती.
मी शेवटी पदराचे दशे मोजले.

जाऊ दे. ऊन बघ किती चढलंय.
ही बादली रात्री दोनची आहे,
थोडी वाया जाऊ दे.
आण तुझे पाय. लाजतेस काय,
भेगा मलाही आहेत.
पुसायला हा घे, सेकंडचा माल.
काल हत्ती करून बघितला याचा.
सोंड उभी राहत नाही.