बाहीचं माप

मे महिना. सावद्याचं डांबर चपलेला चिकटत होतं
आणि कोकिळा फिरके म्हणाली,
बाही मनगटापर्यंत ठेव.

दंडाभोवती टेप नेताना तिने श्वास आत ओढला.
तिथे चार बोटं होती, जांभळी,
अंगठा आतल्या बाजूला.
मी वहीत लिहिलं : साडेअकरा.
दुसरं काही लिहिलं नाही.

ती बोटं माझ्या ओळखीची.
केळीच्या चिकाने काळी पडलेली, साबणाने न निघणारी.
बुधवारी वाघोद्याला ट्रक भरून झाला
की माझ्या शटरखालून आत यायची.

डिगंबर सांगायचा, ती चांगली नाही.
दूधवाल्याशी हसते.
फोन वाजला की आत जाते.
माझ्या गादीवर बसून सांगायचा हे,
स्वतःचा फोन पालथा ठेवून.
आणि मी हं हं म्हणायची.
ती वाईट असली
की मी जरा कमी वाईट ठरायची.

घड मोजणारा माणूस तो.
किती चढले, वाटेत किती पिकले,
अडत्याने किती दाबले, सगळं तोंडपाठ.
चोरी कशी होते ते आतून माहीत असलेला.
घरी जाऊन बायकोच्या बांगड्या मोजायचा.
सकाळी बारा होत्या, आता दहा कशा?
दोन त्यानेच आदल्या रात्री फोडलेल्या असायच्या.

मग एका बुधवारी
माझ्या खुंटीला शर्ट दिसला त्याला,
कॉलर उलटवायला आलेला, शाळेच्या शिपायाचा.
कोणाचा?
मी हसले. हसायला नको होतं.
कोणाचा, विचारतोय.
मशीनचं चाक अजून फिरत होतं
आणि दंड त्याच्या मुठीत.
तिच्या वाट्याला संशय, माझ्या वाट्याला जीव,
असं मी धरून चालले होते.
एकाच ताग्यातलं निघालं दोन्ही.

कोकिळा ब्लाऊज न्यायला आली तेव्हा
मीही लांब बाहीत होते.
पंखा बंद, लाइट गेलेली.
तिने माझ्या बाहीकडे पाहिलं,
टाक्याकडे पाहावं तसं, जवळून.
"तुले बी?"
मी कात्री उचलली, परत ठेवली.
"मले माहीत होतं," ती म्हणाली,
"बुधवारी घरी मारायचा नाही ना तो.
बुधवार बरा जायचा माझा."

शिलाई राहू दे, म्हटलं.
तिने ऐकलं नाही.
एकशे साठ रुपये मोजून कात्रीखाली सरकवले,
पायरी उतरली, परत वळली.
"आज बुधवार हाये. शटर आतून लाव."

शटरला आतून कडी नव्हती.
कधी लागलीच नव्हती.
समोरच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारली.
तो म्हणाला, लावून देतो ताई,
लाइट येऊ द्या.